स्त्री-महाविद्यालयांतील विद्यार्थिनी-मंडळांचे कागद : एक साधनचिकित्सा

भिवंडी म्हटलें कीं आमच्या वाचकांपुढें प्रथम उभा राहतो तो भादाणचा ताम्रपट. शिलाहार अपराजिताच्या शके ९१९ च्या या दानपत्रामुळें, लोनाडच्या लेण्यांमुळें, आणि इ. स. १६५७ च्या ऑक्टोबरांत शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी हस्तगत केली त्या प्रसंगामुळें हा गांव संशोधकांच्या परिचयाचा झाला आहे. त्यापुढील भिवंडीविषयीं आमच्यांतील बहुतेकांची जिज्ञासा तेथेंच संपते. सत्तावन सालच्या बंडानंतर उत्तर हिंदुस्थानांतून आलेले मोमीन विणकर, त्यांचे हातमाग, मागाहून विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत आलेले यंत्रमाग, हा सर्व भाग अर्वाचीन म्हणून बाजूस सारला जातो. त्याच भिवंडींत आज कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचें जी. एम. मोमिन विमेन्स कॉलेज हें केवळ स्त्रियांचें महाविद्यालय चालूं आहे. अशा ठिकाणच्या विद्यार्थिनींनीं वर्गाबाहेर काय केलें, कोणतीं मंडळें चालविलीं, कोणत्या विषयावर वाद घातला, याचा इतिहास पन्नास वर्षांनीं कोणी लिहूं म्हणेल तर त्याच्या हातीं कोणतें साधन लागेल, एवढाच प्रश्न येथें विचारांत घेतला आहे. त्या महाविद्यालयाचें गुणदोष-विवेचन हा आमचा विषय नव्हे. गांव व संस्था आम्ही नमुना म्हणून घेतों. उत्तर मात्र हिंगण्यापासून शोधीत आलें पाहिजे.

स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावर मराठींत लेखन थोडें झालेलें नाहीं. तथापि तें चाळून पाहतां बहुतेक ठिकाणीं एकच घाट दिसतो. शाळा कोणीं काढली, जागा कोणीं दिली, सनातन्यांनीं विरोध कसा केला, देणगी केव्हां मिळाली, इमारत केव्हां उठली, येथवर कथा भरभरून चालते. आणि ज्यांच्यासाठीं हा सर्व खटाटोप, त्या मुली पटावरील आंकडा म्हणून येतात व पारितोषिक-समारंभांत ईशस्तवन म्हणून निघून जातात. हा संस्थापकांचा इतिहास झाला. तो खोटा नाहीं. पण त्यासच संस्थेचा इतिहास म्हणणें हें सभासदाच्या बखरीस रायगडाखालच्या पाचाडचा इतिहास म्हणण्यासारखें आहे. सभासदानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीस बसून, प्रसंग घडून गेल्यावर लिहिलें, हें ध्यानांत ठेवूनच आपण त्याचा उपयोग करतों. तीच सावधगिरी आत्मचरित्रें वाचतांना कां सुटावी हें आम्हांस समजत नाहीं.

उदाहरणार्थ, अण्णासाहेब कर्वे यांचें 'आत्मवृत्त' घ्या. तें प्रसिद्ध झालें १९१५ सालीं. महिला विद्यापीठ सुरू झालें १९१६ च्या जूनमध्यें. म्हणजे मूळ आवृत्तीचा हा ग्रंथ १८९६ सालीं निघालेल्या अनाथ बालिकाश्रमाविषयीं अव्वल दर्जाचा साक्षीदार आहे, आणि महाविद्यालयाविषयीं साक्षीदारच नव्हे. त्यावरून महाविद्यालयांतील जीवन सांगूं पाहणें हा उघड कालविपर्यास होय. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' १९१० सालच्या. पण त्यांचा विषय न्यायमूर्तींचा सहवास हा आहे, व न्यायमूर्ति १९०१ सालीं वारले. पुण्याचें सेवासदन १९०९ चें. पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' (१९२८) ही आश्रमासाठीं गांवोगांव वर्गणी गोळा करीत हिंडलेल्या बाईची हकीकत आहे. वर्गणी मागणाऱ्यास दाराबाहेरचें जग फार चांगलें दिसतें, तसें तें या पुस्तकांत दिसतेंहि; आंतल्या मुलींचें जग त्या मानानें कमी.

या सर्वांत निराळें पुस्तक एकच, तें बाया कर्वे यांचें 'माझें पुराण' (१९४४). पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन काढलें, तेव्हां तेथें दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे ह्याच बाया. म्हणून येथें संस्था काढणारीची नव्हे, तर तींत राहिलेल्या मुलीची नजर मिळते. आमच्या मतें या एका कारणासाठीं या पुस्तकाचा दर्जा वरील सर्वांहून वरचा आहे. परंतु प्रसंग व लेखन यांत पंचावन्न वर्षांचें अंतर आहे, आणि मध्यंतरीं लेखिका स्वतःच एका मोठ्या संस्थेच्या घरची गृहिणी झालेली आहे. आठवण कितीहि सरळ असली तरी ती पुढच्या आयुष्याच्या उजेडांत पाहिलेली आठवण असते. तत्कालीन कागदाची जागा ती घेऊं शकत नाहीं.

असा तत्कालीन कागद पुरुषांच्या मंडळाचा मात्र शिल्लक आहे. एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं व तरुण अध्यापकांनीं १८४८ सालीं मुंबईस स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादाभाई नौरोजींसारखे तरुण तींत होते. सभेंत निबंध वाचावे, त्यांवर चर्चा करावी, हा तिचा मूळचा उद्योग. आणि त्या निबंधवाचनांतूनच १८४९ सालीं मुलींच्या शाळा निघाल्या, ज्यांत सभासद स्वतः मोबदला न घेतां शिकवीत. मुंबईंतील एतद्देशीयांच्या स्त्रीशिक्षणाचा उगम असा एका विद्यार्थी-मंडळांत आहे, ही गोष्ट सर्वांस माहीत आहे. ती माहीत कां आहे, इकडे आमचें लक्ष वेधावयाचें आहे. त्या सोसायटीनें आपलें कामकाज छापून ठेविलें. तिच्या मराठी शाखेचें, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचें, मासिक १८५० पासून निघूं लागलें. तरुण पुरुषांच्या मंडळाला छापखाना मिळाला, म्हणून त्याला इतिहास मिळाला. ज्या मुलींसाठीं त्या शाळा निघाल्या, त्यांच्या नातींनीं पुढें महाविद्यालयांत मंडळें काढलीं असतील तर त्यांना मिळाली ती एक वही.

परदेशाची एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे, कारण तिचा हिंगण्याशीं प्रत्यक्ष संबंध आहे. अण्णासाहेबांच्या मनांत विद्यापीठाची कल्पना पक्की झाली ती जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती-पुस्तिका हातीं आल्यावर, हें सुप्रसिद्ध आहे. जिंझो नारुसे यांनीं १९०१ सालीं काढलेल्या त्या संस्थेच्या माजी विद्यार्थिनींनीं १९०४ मध्यें 'ओफूकाई' नांवाची आपली संघटना उभारली व त्याच वर्षीं स्वतःचें साप्ताहिक सुरू केलें. इंग्लंडांतील गर्टन कॉलेजच्या विद्यार्थिनींचें पत्रहि १८८२ पासूनचें आहे. तिकडील संशोधकाला मुलींचें जग मुलींच्याच छापील शब्दांत वाचावयास मिळतें तें यामुळें. आमच्याकडे त्याच्या तोडीचें जें आहे तें छापील नाहीं, म्हणून तें हस्तलिखित-संग्राहकांच्या कक्षेंत येतें. ही गोष्ट आमच्या संग्राहक मंडळींच्या अजून ध्यानांत आलेली दिसत नाहीं.

आतां या कागदांचे प्रकार व त्यांची किंमत. प्रथम वार्षिक अहवाल. हा सर्वांत सहज मिळतो व सर्वांत अधिक फसवितो. अहवाल कोणी वाचावा म्हणून लिहिला, हें विचारल्याशिवाय त्यांतील एकहि वाक्य घेऊं नये. जुन्या संस्थांचा वाचक देणगीदार. महिला विद्यापीठ पांच विद्यार्थिनींनिशीं सुरू झालें, व १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी जाहीर होईपर्यंत त्याचा संसार आण्या-रुपयांच्या वर्गणीवर चालला होता. अशा स्थितींत निघणाऱ्या अहवालांत विद्यार्थिनींचें मंडळ यावयाचें तें शिस्तीचा व सुशीलतेचा दाखला म्हणून. त्यांतल्या भांडणास, रुसव्यास, एकाद्या मुलीनें विचारलेल्या अडचणीच्या प्रश्नास तेथें जागा असण्याचें कारण नाहीं. आज देणगीदाराच्या जागीं मूल्यमापन करणारी समिति आली आहे. १९९४ सालीं नॅक ही संस्था निघाल्यापासून महाविद्यालयांनीं वर्गाबाहेरील उपक्रमांचा हिशेब देण्याची रीत पडली. त्या हिशेबांत कार्यक्रमाचा दिनांक असतो, पाहुण्यांचें नांव असतें, उपस्थितांची संख्या असते, व छायाचित्र असतें. कोणती मुलगी उठून काय बोलली, हें नसतें. संख्या दिली कीं व्यक्ति सांगण्याचें काम उरलें नाहीं, अशी समजूत यामागें आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचेंहि असेंच. ती २४ सप्टेंबर १९६९ रोजीं ३७ विद्यापीठांतून ४०,००० विद्यार्थ्यांनिशीं सुरू झाली, हें कोणतेंहि सरकारी पत्रक सांगेल. शिबिरास जाण्याची परवानगी घरून मिळविण्यास एकेका मुलीला किती दिवस लागले, तें कोणतेंहि पत्रक सांगणार नाहीं. भिवंडीसारख्या गांवीं खरा इतिहास बहुधा या दुसऱ्या गोष्टींतच आहे.

दुसरा प्रकार महाविद्यालयाच्या छापील वार्षिक अंकाचा. याची रचना वाचकांस ठाऊकच आहे : आरंभीं प्राचार्यांचें मनोगत, मग छायाचित्रें, मग भाषावार विभाग, त्यांत निबंध व कविता, आणि अखेरीस मंडळांचे वृत्तांत व बक्षिसांच्या याद्या. संपादक-मंडळावर प्राध्यापक, आणि निबंधांवर त्यांचा हात फिरलेला. अठरा वर्षांच्या मुलीच्या तोंडीं पन्नास वर्षांच्या गृहस्थाचीं वाक्यें आलेलीं पाहिलीं कीं समजावें कीं येथें साधनांत भर पडली आहे. म्हणून आमची सूचना अशी कीं वार्षिक अंक मागच्या पानांपासून वाचावा. निबंधांत सजावट असते. यादींत ती करण्याचें कोणाला कारण नसतें. कोणत्या वर्षीं वादविवादाची ढाल कोणीं नेली, कोणतें मंडळ एका वर्षीं यादींत आहे व दुसऱ्या वर्षीं नाहीं, चिटणीस कोण व सहचिटणीस कोण, हें तेथें कोरडेपणानें नमूद असतें. आमच्या संग्राहकांस मात्र अंक बांधून घेतांना जाहिरातींबरोबर हींच मागचीं पानें फाडून टाकण्याची संवय आहे. जाहिरातीहि ठेवाव्या, अंकाचा खर्च गांवांतल्या कोणत्या दुकानदारांनीं उचलला, तें त्यांवरून कळतें.

तिसरा प्रकार अस्सल कागदांचा, आणि खरें मोल याचें आहे. मंडळाच्या इतिवृत्ताची वही, जमाखर्चाची वही, भित्तिपत्रकाचे उतरवून ठेवलेले कागद, व हस्तलिखित मासिक. हस्तलिखित मासिक ही मराठी शाळा-महाविद्यालयांतील जुनी व प्रेमळ चाल. एकच प्रत, सुवाच्य अक्षर असलेल्या मुलीकडून लिहून घेतलेली, मुखपृष्ठावर चित्र, आणि वाचून झाल्यावर पुढच्या हातीं द्यावयाची. प्रत एकच असल्यामुळें ती हरवली कीं सर्वच हरवलें. पोथीसारखी दुसरी नक्कल कोठें तरी सांपडेल अशी आशा नाहीं. हिच्या परीक्षणांत अक्षर, कागद व शाई यांबरोबर खोडाखोडीकडे विशेष पाहावें. तांबड्या शाईनें केलेली दुरुस्ती शुद्धलेखनाची आहे कीं मजकुराची, हें निश्चित करावें. काय छापूं दिलें नाहीं याची नोंद छापील अंकांत कधींच मिळत नाहीं. येथें ती खोडलेल्या ओळीखालीं बहुधा वाचतां येते.

इतिवृत्ताच्या वहीचें महत्त्व आणखी एका कारणासाठीं आहे. महिला विद्यापीठानें आरंभापासून शिक्षणाचें माध्यम मातृभाषा ठेविलें. तेव्हां इतर महाविद्यालयांतील वादविवाद-मंडळें इंग्रजींत बोलत असतां हिंगण्यासारख्या ठिकाणीं सूचना मांडणें, अनुमोदन देणें, उपसूचना आणणें, ठराव मताला टाकणें, हें सर्व मराठींत करावें लागलें असलें पाहिजे. सभेची ही भाषा घरांत कोणी मुलीस शिकवीत नव्हतें. ती तिनें कशी उचलली, कोणता शब्द अडखळत वापरला व कोणता टाकला, हें पाहण्यास अशा वहीवांचून दुसरें स्थळ नाहीं. भाषेच्या अभ्यासकांनीं तरी या वह्यांसाठीं आमच्याशीं स्पर्धा करावी.

येथें एक आक्षेप येईल, व तो आमच्याच मंडळींकडून येईल. हळदीकुंकवाचा समारंभ, गाण्याची बैठक, सहलीचा खर्च, यांत इतिहास तो कसला? या आक्षेपास आम्ही पेशवे दफ्तराकडे बोट दाखवितों. तेल, तूप व दक्षिणा यांचे तेथील हिशेब आज सामाजिक इतिहासाचें मुख्य साधन मानले जातात. निवडक राजकीय पत्रें घेणाऱ्यांनीं ते एके काळीं वगळले होते. राजवाड्यांनीं १८९८ पासून साधनांचे खंड काढून जो धडा घालून दिला, तो अस्सल कागद कोणताहि क्षुल्लक नसतो असाच होता. तो धडा सरदारांच्या वाड्यांपुरता आहे व मुलींच्या वसतिगृहापुरता नाहीं, असें त्यांत कोठेंच म्हटलेलें नाहीं.

मुलींचे कागद विशेष लवकर कां नष्ट होतात, याचें कारण मात्र निराळें आहे. मुलगा आपल्या वह्या घरांत ठेवतो व घर त्याचेंच राहतें. मुलीची पेटी माहेरीं राहते, ती सासरीं जाते, आणि पुढच्या पिढींत माळा झाडतांना ती पेटी कोणाची हें सांगणारेंहि कोणी उरत नाहीं. कागद वांचला तरी त्यावरील नांव कोणाचें हें कळत नाहीं. वर ज्या बाया कर्व्यांचा उल्लेख केला, त्या शारदा सदनांत गोदूबाई होत्या. १८९३ सालीं पुनर्विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. डॉक्टर आनंदीबाई जोशीहि माहेरच्या यमुनाच. हीं प्रसिद्ध नांवें म्हणून आपणांस जुळवितां येतात. बक्षिसांच्या यादींतील शेंकडों नांवें तशींच तुटून पडलेलीं आहेत. मोडी कागद वाचणारास शक, फसली व हिजरी यांची जंत्री जशी लागते, तशी माहेर-सासरच्या नांवांची जंत्री या कागदांस लागेल. ती जंत्री सनावळीपेक्षां अवघड आहे, कारण ती ग्रंथांत नसून म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणांत आहे. मुसलमान कुटुंबांत लग्नानें मुलीचें स्वतःचें नांव सहसा बदलत नाहीं. म्हणून भिवंडीचें काम या बाबतींत पुण्याच्या मानानें सोपें जाईल.

दुसऱ्या बाबतींत तें अवघड वाटेल. भिवंडींतील विद्यार्थिनींपैकीं पुष्कळांची घरची भाषा उर्दू, गांवची भाषा मराठी व परीक्षेची इंग्रजी. एकाच मंडळाची हालहवाल तीन लिप्यांत वांटली जाण्याचा तेथें संभव. मराठी संग्राहक उर्दू वही पाहतांच ती आपल्या विषयाबाहेरची समजतो, व उर्दू साहित्याचा संग्राहक मुशायऱ्यांचे व प्रसिद्ध शायरांचे कागद शोधीत असल्यामुळें मुलींच्या मंडळाची वही त्याच्याहि विषयाबाहेर पडते. परिणामीं ती कोणाचीच नाहीं. आमच्या परंपरेस हें शोभत नाहीं. ज्यांनीं पेशव्यांचे कागद वाचण्यासाठीं मोडी गिरविली, ज्यांच्यापुढें ग. ह. खऱ्यांचे 'ऐतिहासिक फारसी साहित्या'चे खंड आहेत, त्यांनीं आदिलशाही फर्मानाची शिकस्ता लावावी आणि महाविद्यालयीन मुलीच्या सरळ उर्दू अक्षराशीं अडावें, हें आम्हांस पटत नाहीं. अडचण लिपीची कमी व आवडीची अधिक आहे.

शिवाय या गांवीं उशीर परवडणारा नाहीं. १९७० व पुन्हां १९८४ सालच्या मे महिन्यांतील दंग्यांत भिवंडींत घरें जळालीं. जेथें घर राहिलें नाहीं तेथें घरांतील वही कोठून राहणार? २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनें ठाणें जिल्ह्यांतील सखल भागांत पाणी भरलें. यंत्रमागाच्या वस्तींत खोली लहान, माणसें पुष्कळ, आणि कागदाला माळाहि नाहीं. भादाणचा ताम्रपट हजार वर्षें टिकला तो तांब्याचा होता म्हणून. शंभर पानी वहीला तें भाग्य नाहीं. त्याशिवाय आतां सूचना व चर्चा भ्रमणध्वनीवरच होतात. म्हणजे वहीचा काळ दोन्ही बाजूंनीं आंखला गेला आहे, आणि जें जमा करावयाचें तें एवढ्याच काळांतलें आहे.

तेव्हां ठाणें जिल्ह्यांतील संग्राहकांस आमची विनंती एवढीच. कागद मूळ मालकिणीकडेच राहूं द्यावा. प्रतिमा घेऊन परत करावा. वही मिळवून संग्रहाच्या कपाटांत बंद करण्याचा मोह धरल्यास पुढची वही कोणी दाखविणार नाहीं. प्रत्येक कागदाबरोबर चार गोष्टी टिपाव्या : लिहिणारीचें माहेरचें व सासरचें नांव, वर्ष, इयत्ता, आणि वही आजपर्यंत कोठें होती. हयात व्यक्तीचें नांव तिच्या संमतीवांचून छापूं नये. बखरींतील माणसांस अब्रूनुकसानीचें भय नव्हतें, यांस आहे. भिवंडींत हें काम प्रथम त्याच गांवच्या, उर्दू व मराठी या दोन्ही लिप्या सारख्या वाचणाऱ्या एकाद्या माजी विद्यार्थिनीकडे सोंपवावें, कारण ज्या घरांत आम्हांस ओसरीवर बसवितील तेथें ती आंत जाऊं शकेल. तिच्या कामाचा मोबदला संस्थेनें द्यावा, आणि टिपणें प्रसिद्ध होतील तेव्हां संपादक म्हणून तिचेंच नांव घालावें.